यंदाच्या कुरडया

"बाबा, हात थांबवू नका! गुठळ्या होतील!" तनू ओरडली. तोवर चिकात गुठळ्या झाल्याच होत्या.

बायको गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. आंबे, नदी, पत्ते, सगळं करून झालं, पण पोरगी काही खुलली नाही. 'तुम्हाला एकट्याला जमायचं नाही' म्हणत आज मामा तिला कायमची न्यायला येणार होता. निदान जाण्याआधी आईच्या हातच्यासारख्या कुरडया व्हाव्यात, म्हणून बापाने तीन दिवस गहू भिजवून, वाटून चीक काढला होता. तोही बिघडला. हातातलं लाटणं तसंच धरून तो रडू लागला.

"दाजी, आवरलं का? ऊन चढायच्या आत निघू," दारातून मामा म्हणाला.

तनूने एक गुठळी फुंकून तोंडात टाकली. "मीठही विसरलात, बाबा."

मग ती उठली. डब्यातले गहू दुसऱ्या पातेल्यात ओतून तिने वर पाणी घातलं.

"मामा, तू आज जा. गव्हाला तीन दिवस लागतात. रोज पाणी बदलावं लागतं. बाबांच्या नाही लक्षात राहायचं."