खिंडीवरची चूल

धुराड्यातून धूर निघताना दिसला आणि तोकनाचं डोकंच फिरलं. म्हणजे आत कोणीतरी होतं. पाठीवर लाकडांचा भारा, पायाखाली गुडघाभर ताजं बर्फ, चढून चढून छातीचा भाता झालेला. तरी उरलेला चढ त्याने रागाच्या भरातच संपवला.

अल्ताई पर्वतातल्या त्या खिंडीवर झाड नाही की झुडूप नाही. एक खोपटं आहे आणि त्यात एक लोखंडी चूल. वाटसरूने यावं, शेकावं, पण निघण्याआधी खालून लाकूड आणून, फोडून, चूल पुन्हा रचून ठेवावी. वर काडेपेटी ठेवावी, काड्या अर्ध्या बाहेर काढून, म्हणजे पुढच्याच्या गारठलेल्या बोटांना त्या धरता येतात. तोकनाचा मुलगा सानाश लहान असताना एकदा हे विसरला, तर तोकनाने पोराच्या कानाखाली वाजवून त्याला अर्ध्या वाटेतून परत वर पाठवलं होतं. आभाळ कोसळलं तरी रिकाम्या चुलीवर दार ओढायचं नाही.

गेल्या वर्षी पहिल्याच बर्फात सानाश या खोपट्याच्या थोडं खाली, वाटेवरच गोठून गेला. त्याची घोडी चढाच्या पायथ्याशी बांधलेली तशीच सापडली. माणसं वर पोचली तेव्हा चुलीत नुसती राख होती, ढलपीसुद्धा नाही. मग आणखी काय सांगायला हवं? कोणा मेल्याने फुकटची ऊब घेतली, चूल तशीच टाकली, आणि पोराला विस्तव मिळाला नाही. वर्षभर तोकना उठता-बसता त्या माणसाचा उद्धार करत होता. बायको म्हणायची, पुरे करा आता. पुरे कसं करणार?

त्याने लाथेनेच दार उघडलं. आत सानाशच्याच वयाचा एक शहरी तरुण लाकूड तासत बसला होता. नाव ग्लेब. एका हाताची दोन बोटं बर्फाने खाल्लेली. त्याने चहा पुढे केला आणि न विचारताच सांगून टाकलं की मागच्या वर्षी इथली लाकडं त्यानेच जाळली. पुरवून पुरवून, वादळ संपेपर्यंत. मग पलीकडच्या गावकऱ्यांनी त्याला उचलून नेलं आणि चूल भरायची राहिली. तेवढ्यासाठीच तो परत आला होता.

तोकनाने कुऱ्हाड उचलली. "आता भरतोस, हरामखोरा? रिकाम्या चुलीपायी माझं पोर मेलं."

ग्लेब पांढराफटक पडला, पण जागचा हलला नाही. "चूल रिकामी नव्हती, काका. मी आलो तेव्हा वादळ सुरू झालं होतं. आत कोणी नाही, पण किटली अजून कोमट. आणि चूल गच्च रचलेली. काड्या बाहेर काढलेल्या, आणि खाली लाकूड हे असं तासलेलं."

त्याने हातातलं लाकूड दाखवलं. तासून तासून त्याला फुलासारख्या कुरळ्या ढलप्या काढल्या होत्या, आणि बुडाशी सालीचा एक पट्टा तसाच ठेवला होता. तसा पट्टा त्या खोऱ्यात फक्त तोकना ठेवायचा. आणि त्याने तो एकालाच शिकवला होता.

तोकनाने कुऱ्हाड खाली ठेवली. डोक्यावर वादळ, खाली घोडी बांधलेली, आणि पोरगं उतरायचं सोडून बाप म्हणाला म्हणून लाकूड तासत बसलं होतं.

बाहेर वारा फिरला. बर्फाचं वादळ एकदा बसलं की आठ-आठ दिवस उठत नाही, आणि दोघांजवळ मिळून मूठभर सातूचं पीठ होतं. ग्लेब लगबगीने लाकडं फोडायला लागला. एवढी चूल रचतो आणि निघू, म्हणाला.

तोकनाने त्याच्या हातातलं लाकूड हिसकावून भिंतीवर फेकलं.

"आग लागो त्या चुलीला," तो म्हणाला. "आधी खाली उतर, पोरा."