फळीवरचा ॲम्प्लिफायर

मंगळवारी दुपारी लटारूने ॲम्प्लिफायरचं बटन दाबलं, तेव्हा त्याला अजून काहीच जोडलेलं नव्हतं. ना टेप, ना माईक. व्हॉल्व्हच्या काचेत हळूहळू तांबूस उजेड धरला. भोंग्यातून बारीक घरघर आली. आणि त्या घरघरीच्या आतून तीन ठोके वाजले.

ठक. ठक. ठक.

लटारूने कान भोंग्याशी नेला. चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांना लाऊडस्पीकर पुरवून त्याचे कान निम्मे गेले होते. कुरखेड्यात लोक त्याच्याशी ओरडून बोलत, आणि तोही ओरडूनच उत्तर देई.

ठोके पुन्हा आले. तीनच.

त्याने भोंग्यापासून कान काढला.

त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. लटारू तारांना डाग देत बसला की जेवायची हाक त्याला ऐकू जात नसे. मग ती भाकर उलटायच्या सराट्याने भिंतीत ठोकलेल्या याच फळीवर तीन ठोके मारी. हादरा बोटांना कळला की तो उठे.

ती गेल्यावर त्याने हे काम काढलं. भुलाबाईची गाणी म्हणताना भरलेली तिची एक कॅसेट होती. तो आवाज त्याला पुन्हा नीट ऐकायचा होता, आणि तो व्हॉल्व्हवरच नीट येतो यावर तो अडून होता. मोडक्या रेडिओंतून व्हॉल्व्ह काढले, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला, पत्रा कापून खोकं केलं. आठ महिने गेले. पहिलं गाणं शेजारच्या पत्रूला ऐकवायचं ठरलं होतं. पण धान मळून होताच तो लेकीकडे धानोऱ्याला निघाला होता आणि सकाळपासून त्याच्या दाराला कुलूप होतं.

लटारूने आधी अक्कल लावून पाहिली. जुना व्हॉल्व्ह कधीकधी हादरा धरतो. त्याने पेन्सिलीने काचेवर टिचकी मारली. भोंगा ठण्णकन वाजला. म्हणजे व्हॉल्व्ह खराब होता हे खरं. पण मघाशी त्याला टिचकी कोणी मारली? घरात तर तो एकटाच होता. उंदीर म्हणावा, तर उंदीर मोजून तीन ठोके मारत नाही.

संध्याकाळी तो समोरच्या घरी, थोरल्या बहिणीकडे गेला. रुखमाबाईने सगळं ऐकलं आणि सुपातले तांदूळ निवडता निवडता हात थांबवला.

"सुगंधाच आहे ते," ती म्हणाली. "तिचं काही रायलं असंल. विचार तिले."

"कसं विचारू, बाई?"

"तोंडानं विचार गा. ठोक्यानं सांगंल."

बुधवारी दुपारी त्याने दार लोटून घेतलं, बटन दाबलं आणि उजेड धरेपर्यंत हात जोडून उभा राहिला.

"आयकून रायली का?" तो ओरडला. "एक ठोका म्हंजे हो. दोन म्हंजे नाई."

घरघर चालू राहिली. मग एक ठोका.

लटारू खोक्याजवळ सरकला. "मले वळखलं?"

एक.

"सुखात आहे ना?"

मग दोन.

"भूक लागली का?"

एक.

"तहान?"

एक. लगेच.

"सोबतीले कोणी आहे का तिथी?"

दोन.

तो धडपडत चुलीशी गेला. वरण-भाताचं ताट वाढलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि दोन्ही फळीवर, खोक्यासमोर ठेवलं. "घे, सुगंधा. जेव." ठोके पुन्हा सुरू झाले, पण त्यांना मोजमाप नव्हतं. लटारू रडत उभा होता. ती एवढी उपाशी, एवढी एकटी असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मी येऊ का तुयाकडं?" त्याने विचारलं.

भोंगा धडधडला. ठोक्यांवर ठोके, एकमेकांत मिसळलेले, थांबायचं नाव नाही. पाण्याचा तांब्या फळीवर थरथरायला लागला. लटारूची पाचावर धारण बसली. त्याने प्लग उपटला आणि अनवाणीच समोरच्या घरी पळाला.

"बलावते मले," तो रुखमाबाईला म्हणाला. "येऊ का म्हटलं तं कशी आतून झोडपत होती!"

रुखमाबाईने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. "मेल्या माणसाच्या बलावण्याले हो म्हनू नये, लटारू. आता तो डब्बा लावू नको. तिची तिले वाट सापडंल."

ते ताट त्याने गाईपुढे ठेवलं.

गुरुवारी खोकं बंद राहिलं. घर चिडीचूप होतं. दुपारी न राहवून त्याने फळीवर तळवा टेकला. लाकडात बारीक हादरा होता, थकलेला, थांबत थांबत येणारा. त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. "जाय वो माय," तो पुटपुटला. "मी नाई येत." आणि अंगणात जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने पत्रूची लेक ललिता आली. तिने कुलूप पाहिलं आणि लटारूच्या अंगणात येऊन कानाशी ओरडली, "काका, बाबा कुठी आहेत?"

"तुयाकडंच गेला ना तो! मंगळवारीच."

"आलेच नाईत. फोनबी उचलत नाईत."

"कुलूप तं आहे दाराले."

"ते समोर कुलूप लावून मांगून आत येतेत, मंग पिशवी घेऊन मांगच्या दारानं निंगतेत, काका."

दोघं वळसा घालून मागे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. उंबऱ्याशी भरलेली पिशवी होती, तिच्यावर फोन.

पत्रू आत, दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला लागून पडला होता. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग लुळं. डाव्या हातात वरवंटा होता. भिंतीवरची माती एका जागी परातीएवढी झडली होती; पलीकडून तिथेच लटारूची फळी होती. ललिताने बापाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास नव्हता. मग तिने गालाला हात लावला.

अंग अजून कोमट होतं.