वरची गल्ली, खालची गल्ली

पोरांच्या वाढीचा अभ्यास करायला आलेल्या मॅडमनी वरच्या गल्लीत घरोघरी दुधाची पिशवी सुरू केली. खालच्या गल्लीतल्या पोरांचं नुसतं वजन करायचं. "तुलनेला कुणीतरी लागतंच," त्या म्हणाल्या.

वरच्या गल्लीतल्या एका थोरल्या जावेला ते काही पचेना. तिची धाकटी जाऊ खालच्या गल्लीत राहायची, आणि जावेचं पोर म्हणजे नुसता हाडांचा सापळा. ती रोज अर्धं दूध गुपचूप खाली पोचवू लागली. तिचं बघून बाकीच्या बायकाही. "मॅडमच्या कानावर जाऊ देऊ नका गं," ती बजावायची, "दूध बंद होईल."

वर्षभरात दोन्ही गल्ल्यांतल्या पोरांनी सारखंच अंग धरलं.



"दोन्हीकडे वजन सारखंच वाढलंय. म्हणजे दुधाने काही फरक पडत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि दूध बंद झालं.