पहिली कलेजी

कोपरीच्या मिठागरावर बायजाने तान्ह्या पोरीवर छत्री उघडून धरली आणि नेमके मालक बांधावर आले. "माझ्यासमोर छत्री? उद्या पालखीत बसशील!" असं ओरडत त्यांनी ती हिसकावली आणि जोड्यांखाली तुडवली. पोर दिवसभर उन्हात तळमळली, रात्री तापाने फणफणली. बायजा दातओठ खाऊन गप्प राहिली. नवरा त्याच मिठागरावर राबत होता.

पुढे गावदेवीची जत्रा आली. यंदा बोकड बायजाच्या घरचा होता, आणि ज्याचा बोकड त्याने निखाऱ्यांवर कलेजी भाजून पहिली मालकांना द्यायची, ही गावची रीत. बायजाने ती स्वतः भाजली आणि अख्ख्या गावादेखत मालकांच्या पुढ्यात ठेवली.

मालक मिटक्या मारत एकेक सळई दातांनी ओरबाडत होते.

"फक्कड भाजलीस गं! पण इतक्या बारीक सळया आणल्यास कुठून?"

"माझे पोरीचे छत्रीच्या काड्या हायेत, मालक," बायजा त्यांच्या डोळ्याला डोळा देत म्हणाली. "तवा जोड्याखाली तुडवलीत, आज तोंडात घातलीत."