साडेबाराचा पान्हा

वीस मिनिटं झाली तरी बाटलीच्या तळाला चमचाभरसुद्धा दूध नव्हतं.

लोणावळ्यातल्या हॉटेलच्या चादरींच्या खोलीत कोमल आतून कडी लावून बसली होती. पंप घरघरत होता, छाती दगडासारखी भरली होती, आणि दूध काही यायला तयार नव्हतं.

"झालं का गं?" मॅनेजर मानसी मॅडमनी दाराबाहेरून हळूच विचारलं.

"होतंच आहे, मॅडम," कोमल म्हणाली. तोवर डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी येऊ लागलं होतं.

समर्थ पाच महिन्यांचा होता. डब्याचं दूध पाजलं की भडाभडा ओकायचा. काउंटरवरची ही नोकरी कोमलला लग्नाआधीपासून जिवापाड आवडायची, पण पोराच्या पोटापुढं नोकरी कसली? शनिवारपर्यंत जमलं नाही तर सोडायची, असं तिनं ठरवून टाकलं.

संध्याकाळी आंदर मावळातल्या घरी आल्यावर तिनं सासूबाईंपाशी, अंबूबाईंपाशी, सगळं ओकून टाकलं.

"आत्या, मॅडमनी गरम नॅपकिन दिला, पाठ चोळली, मी बाळाचं झबलं मांडीवर घेऊन बसले. कशाचा उपयोग नाही."

"बाटलीकडं टक लावून बसती का?"

"बसते."

"मंग कसं यील? गाय तरी सोडती का, आदी वासरू लावल्याबगर? पान्हा चोरती ती. तू तर माणूस हाईस."

"मग आता वासरू नेऊ का हॉटेलात?"

दोघी खो खो हसल्या. ओट्यावर भारे बांधायला पेंढ्याचे वेठ वळत बसलेले सासरे, बजरंग आबा, हसले नाहीत. असल्या गोष्टी निघाल्या की ते खाकरून गोठ्यात जायचे, तसे गेले. दोन वर्षांत सुनेशी ते थेट पाच वाक्यं बोलले असतील, त्यातली तीन "दार लोटून घ्या" हीच. जनावरांच्या बाबतीत मात्र माणूस दांडगा. कुणाची गाय अडली की आबांना बोलावणं यायचं. वासरू दगावलेली गायसुद्धा ते पान्हवायचे. कसं, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "जमतंय."

दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला, साडेबाराला, कोमल पंप लावून बसली, तोच अंबूबाईंच्या नंबरावरून फोन आला. पलीकडून शब्द नाही. नुसतं रडणं. "ट्यँहँ… ट्यँहँ…"

कोमलच्या छातीत झिणझिण्या आल्या. पहिले चार थेंब पडले आणि मग धारच लागली. पाच मिनिटांत बाटली निम्मी झाली. फोन कट झाला, तरी ती वेड्यासारखी हसत बसली होती.

त्या दिवसापासून साडेबाराचा फोन कधी चुकला नाही.

"आत्या, घरात तर रेंज नाही. फोन लावता कुठून?" तिनं एकदा विचारलं.

"मागल्या टेकाडावर. आंब्याखाली सावली हाय चांगली."

"आणि तो नेमका त्याच वेळेला रडतो?"

"लेकराची जात हाय, रडायचीच," अंबूबाई तवा घासत म्हणाल्या, जरा जोरातच.

समर्थ कोमलच्या मांडीवर खिदळत होता. चुलीपाशी आबा गरम पाण्याचा पेला घेऊन बसले होते. त्यांचा घसा पार बसला होता. भाताच्या झोडणीची धूळ, असं अंबूबाईंनी सांगितलं.

पंधरा दिवसांत समर्थच्या मांड्यांना वळ्या पडल्या. मानसी मॅडमनी हॉटेलच्या फ्रीजमध्ये बाटल्यांसाठी एक कप्पाच रिकामा करून दिला. आता खरं तर कोमलनं सुखानं जगायचं. पण आईचं मन, ते कुठलं गप्प बसतंय?

सोळाव्या दिवशीचं रडणं फारच केविलवाणं होतं. मधेच खोकल्याची उबळ आली, मग पुन्हा हुंदके. बाटली काठोकाठ भरली, पण कोमलचं काळीज तुटलं. डोळे पुसत ती मानसी मॅडमपुढं उभी राहिली.

"मॅडम, मी नोकरी सोडते. मला दूध यावं म्हणून माझंच लेकरू रोज रडवायचं, हे मला नाही सोसत."

"अगं, आधी डोळ्यांनी बघून तरी ये," मानसी मॅडम म्हणाल्या. "उद्या अर्धा दिवस घे. मग काय ते सांग. मी तुझी खुर्ची कुणाला देत नाही."

दुसऱ्या दिवशी कोमल घरी न सांगता हॉटेलातून अकरालाच निघाली. कान्हे फाट्यावर जीप लगेच मिळाली. गावात उतरून ती टेकाडाखालच्या पायवाटेला लागली आणि फोन वाजला. अंबूबाईंचा नंबर. साडेबारा.

"ट्यँहँ… ट्यँहँ…"

ब्लाउज भिजलं. तिनं पदर ओढून घेतला आणि फोन कानाला तसाच धरून चढाला लागली. पोराला एकदा छातीशी धरायचं आणि नोकरीला कायमचा रामराम ठोकायचा, एवढंच डोक्यात होतं.

अर्ध्या चढावर दम लागला म्हणून ती थांबली. खाली घराचं अंगण दिसत होतं. अंगणात अंबूबाई पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर समर्थ होता, आणि अंगावर कोमट पाणी पडेल तसा तो हात-पाय झाडत हसत होता.

कानाशी रडणं चालूच होतं.

कोमलनं हळूच वर पाहिलं. आंब्याखाली आबा एकटेच पाठमोरे बसले होते. एका हातानं नाक दाबून, दुसऱ्या हातात अंबूबाईंचा फोन धरून, जिवाच्या आकांतानं रडत होते.