बिनमिठाचं भरीत

सुनंदाबाईंनी भरतात मीठ घातलं नाही. विसरल्या नव्हत्या. घातलं नाही.

एक जानेवारीची दुपार होती. केळीच्या बागेच्या कडेला कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, सोलून झाली होती, लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर लाकडी बडगीत ठेचूनही झाली होती. वरून कांद्याची पात पडली, शेंगदाणे पडले. मिठाची पुडी मात्र सुनंदाबाईंनी पदराच्या टोकाला बांधली आणि पदर कमरेला खोचला. भाकरीच्या पिठातही त्यांनी सकाळी मीठ घातलं नव्हतं.

"कोनी तोंडातून शब्द काढला ना, त याद राखा," त्यांनी मुलाला आणि सुनेला दम भरला. योगराज आणि ऋतिकाने माना डोलावल्या. त्या घरात नव्या वर्षाचा पहिला संकल्प सुटला तो असा.

गिरधरनाना बांधाजवळ खाटेवर पेपर वाचत होते. मागच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या घशातली गाठ रेडिएशनने गेली. जाताना तोंडाची चव घेऊन गेली. आली तर वर्षभरात येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष काल संपलं.

आजारपणाआधी नाना जेवायला बसले, की घरात परीक्षेचा निकाल लागायचा. वरणाला फोडणी कमी, भाताला पाणी जास्त, लोणचं अजून कच्चं. सुनंदाबाई चिडायच्या, भांडी आपटायच्या. आता नाना समोर येईल ते खायचे आणि म्हणायचे, "छान." खिचडी छान, औषध छान. एकदा आमटीत मिठाऐवजी साखर पडली, तीही छान. एवढं कौतुक त्या घराला पेलवेना.

"पेपरात काय हाये, नाना?" योगराजने विचारलं.

"सोनं चढलं, केयीचा भाव उतरला," पेपरची घडी घालत नाना म्हणाले. "थांबलं व्हतं ते युद्ध पुन्हा सुरू झालं. झेडपीची निवडनूक लागीन म्हंतात."

"मग?"

"छान."

सुनंदाबाईंनी पदराची गाठ चाचपली.

पंगत बसते न बसते तोच मोटारसायकलवरून गावातला चुडामण आला. चुडामण झेडपीला उभा राहणार होता. निवडणूक जाहीर व्हायची होती. चुडामण आधीच झाला होता. काखेत कॅलेंडरांची गुंडाळी. महिने बारा, फोटो बारा, सगळे त्याचेच. फक्त फेब्रुवारीत डोक्यावर फेटा होता.

"अक्का, नव्या वर्षाच्या शुभेच्छा!" असं म्हणत तो बोलावण्याची वाट न पाहता मांडी घालून बसला. त्याला दम भरायला सुनंदाबाईंना सवडच मिळाली नाही. ऋतिकाने त्यालाही वाढलं.

चुडामणने पहिला घास घेतला. त्याचा जबडा क्षणभर थांबला, मग पुन्हा कामाला लागला.

"अक्का, असं भरीत पंचक्रोशीत नही!"

योगराजला ठसका लागला. ऋतिका उगाच तांब्यात डोकावून पाहू लागली.

नाना चावत होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, दुसरा घास घेतला. कपाळावर आठी पडली. ती आठी घरातल्यांनी फार दिवसांनी पाहिली होती. सुनंदाबाईंचा हात ताटातच राहिला.

"चुडामण," नाना म्हणाले, "तुले मीठ लागलं का रे यात?"

"लागलं ना, नाना! एकदम मापात!"

आठी गेली. नानांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"मले नही लागलं," ते हळूच म्हणाले. "मले वाटलं, जीभ आली. नही आली." मग बायकोकडे वळून त्यांनी नेहमीचं तोंड केलं. "छान झालं, बरं का."

"घातलंच नही!" सुनंदाबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की केळीतली पाखरं उडाली. "मीठ घातलंच नही मी! भरतात नही, भाकरीत नही, कनभर नही!"

नानांनी ताटाकडे पाहिलं. एक बारीकसा घास उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घोळवत राहिले. बासुंदीसुद्धा त्यांनी कधी इतक्या चवीने खाल्ली नव्हती.

मग डोळे उघडून ते चुडामणकडे वळले. "अन् तुले लागलं?"

चुडामणने कॅलेंडरं उगाच सारखी केली. "नाना, तुमच्या घरात चार मतं हायेत."

"तीन!"

"ऋतिकावहिनीचं नाव यादीत चढवून घेऊ ना इकडे. मग चारच."

"तिचं धरूनच तीन, येड्या! माझं सोडून बोल!" नाना कडाडले. या आवाजाने बहुतेक त्यांनाच तरतरी आली. "मीठ नही. मिरची घाबरत घाबरत टाकेल हाये. दाने कच्चे. वांगं या अंगानं भाजलं, त्या अंगाले खबरच नही. भाकरी हाये का पापड? अन् पात कोनी चिरली, कुऱ्हाडीनं?"

पात ऋतिकाने चिरली होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती. योगराजने मान खाली घातली होती. त्याच्या ताटात काहीतरी टपकलं, ते त्याने भरतात कालवून टाकलं.

"पाहत काय बसली?" नाना बायकोवर गरजले. "मीठ आन!"

सुनंदाबाई पदराच्या टोकाने डोळे पुसत होत्या. पुडीची गाठ तशीच होती.

"देते," त्या म्हणाल्या. "पह्यले अजून काय काय चुकलं, ते सांगा."