चोचफुलाची फांदी

ओट्यावर रंग वाळत असलेले दोन फलक अनाहेराने आजीला वाचून दाखवले. सभाघराच्या फाटकाशी ते शाळेतल्या मुलांसाठी लावायचे होते. पहिला काका नावाच्या रानपोपटाचा : कुळ पोपटांचं, स्थिती सावरणारी. दुसरा त्याच्याच चोचीसारख्या बाकदार, लाल फुलांवरून नाव पडलेल्या चोचफुलाच्या झुडपाचा : कुळ वाटाण्याचं, स्थिती अखेरच्या घटका मोजणारी.

एरेना म्हातारी हसली. "नाव पोपटाचं आणि सोयरीक वाटाण्याशी? आमच्यात झाडं-पाखरं दोन्ही रानदेव तानेचीच लेकरं."

"असतील भावंडं, आजी. पण एक सावरलंय, एक चाललंय."

चाललेलं झुडूप समोरच कुंपणाला टेकलं होतं. एरेनाच्या नवऱ्याने, हेमीने, लावलेलं. अर्ध्या फांद्या वाळल्या होत्या. अशी झुडपं फार जगत नाहीत, एखादी फांदी दुसरीकडे रुजवू या, म्हणून अनाहेरा हिवाळाभर मागे लागली होती. एरेना कात्री जवळ येऊ देत नव्हती.

मूळ फांदी हेमीने पलीकडच्या खोऱ्यातून, रोइमाता या बहिणीकडून, आणलेली. पुढे रोइमाताचं झुडूप बकऱ्यांनी खाल्लं. हेमीच्या मयताला आली तेव्हा तिने फांदी परत मागितली. "भाऊ अजून मातीत गेला नाही, आणि तुला फांदी सुचते?" एरेना सगळ्यांदेखत म्हणाली होती. तेव्हापासून जाणंयेणं बंद.

दुपारी समोरच्या बेटावरून एक काका पोपट झुडपावर येऊन बसला. फुलांत जीभ घालून रस प्याला, दोन फुलं खाली पाडली आणि कर्कश ओरडत डोंगरापलीकडे, रोइमाताच्या खोऱ्याकडे, गेला.

एरेना बराच वेळ डोंगराकडे बघत राहिली.

"याचं बरंय. वाटेल तेव्हा उडाला. या फांदीला तिथवर कोण नेणार?"

एरेनाने झुडपापाशी जाऊन हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली आणि कात्रीसाठी अनाहेरापुढे हात केला.

गाडीत ओल्या फडक्यातली फांदी तिने मांडीवरच ठेवली. रोइमाताच्या फाटकाशी उतरली, पण आत गेली नाही. रीतीप्रमाणे घरच्या बाईची हाक येईपर्यंत उभी राहिली.

रोइमाता पायरीवर आली. वहिनीकडे पाहिलं, मग फडक्याकडे. मयत माणसाला घरी बोलावतात तसा लांब सूर तिने लावला.

"ये रे, हेमी. घरी ये."